विश्वास कोणाचा आणि धान्य कोणाचे?

(पाठ : योहानाचे तिसरे पत्र, ओवी ५ ते ८, फिलिप्पैकरांस पत्र, अध्याय ४, ओवी १० ते १९)



गेल्या भाद्रपदात आमच्या लहानशा मंडळीच्या पंचांची बैठक भरली होती. सोयाबीन अजून शेतात उभे होते, कोणाच्याही हाती पैसा नव्हता, आणि खजिनदारांनी वही उघडून वाचून दाखविले की, उपदेशकांच्या वेतनापैकी चार महिन्यांची रक्कम देणे राहिली आहे. काही वेळ कोणीच बोलेना. मग एक वडीलधारे गृहस्थ, जे प्रार्थनेच्या सभेस कधी चुकत नाहीत, गंभीरपणे म्हणाले, "ते देवाचे सेवक आहेत. त्यांनी विश्वासाने राहावे. देव त्यांची सोय करील." सर्वांनी माना डोलाविल्या. मीही डोलाविली. प्रार्थना होऊन बैठक संपली.

माझी घरची वाट उपदेशकांच्या दारावरून जाते. अंगणात त्यांची पत्नी सुपात ज्वारी पाखडीत होती. "कोठून आणली?" असे मी सहज विचारले. तिने शेजारच्या घराकडे बोट दाखविले. ती शेजारीण आपल्या मंडळीतील नव्हे. ती ख्रिस्ती नव्हे. तिने पायलीभर ज्वारी उसनी दिली होती, आणि ती कधी परत मिळणार हे विचारलेही नव्हते. म्हणजे देवाने आपल्या सेवकाची सोय केली होती खरी. पण ज्यांनी माना डोलाविल्या त्यांच्या हातून केली नव्हती.

त्या रात्री मी योहानाचे तिसरे पत्र काढून वाचले. ते इतके लहान आहे की पुष्कळांच्या पवित्र शास्त्रात त्याचे पान कधी उलटले जात नाही. त्यात एक वृद्ध वडील गायस नावाच्या गृहस्थास लिहितो. काही बंधू प्रभूच्या नावासाठी गावोगाव निघाले होते. ज्यांना सुवार्ता सांगावयाची त्यांच्याकडून काहीही घ्यावयाचे नाही, असा त्यांचा नेम होता. सुवार्ता विकली जाते असे कोणी म्हणू नये एवढ्यासाठी. हा त्यांचा विश्वास. पण पत्र लिहिणारा वडील यावरून जो निष्कर्ष काढतो तो आमच्या पंचांच्या अगदी उलट आहे. "ते काही घेत नाहीत, तेव्हा त्यांची चिंता देव वाहील, तुम्ही स्वस्थ बसा," असे तो लिहीत नाही. ते बाहेरच्यांकडून काही घेत नाहीत, एवढ्याच कारणाने त्यांचा पाहुणचार करणे व त्यांस पुढच्या वाटेस लावून देणे हे आपले ऋण ठरते, असे तो म्हणतो. आणि जो असे करितो तो सत्याच्या कामात भागीदार होतो. आमच्या गावी याच्या नेमके उलट घडले. बाहेरच्या बाईने दिले आणि आतल्यांनी उपदेश केला.

बंधुभगिनींनो, विश्वास दोन प्रकारचा आहे असे मी म्हणत नाही. पण त्याची कामे दोन आहेत. जो जातो त्याचा विश्वास हा की, मी मागणार नाही. जो पाठवितो त्याचा विश्वास हा की, मी मागण्याची वाट पाहणार नाही. पहिले काम दुसऱ्याच्या गळ्यात घालून मोकळे होणे ह्यास विश्वास हे नाव शोभत नाही.

आपल्या वाशीमची गोष्ट या बाबतीत फार बोलकी आहे. जुन्या कागदांत या गावाचे नाव बासीम असे आढळते. सन १९०५ पर्यंत बासीम हा वऱ्हाडातील स्वतंत्र जिल्हा होता. मग तो अकोल्यात गेला, आणि सन १९९८ त पुन्हा वेगळा झाला. सन १८७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील बोस्टन शहराहून मिस लूसी ड्रेक नावाची बाई येथे सुवार्तेसाठी आली. त्या काळी आगगाडी अकोल्यापर्यंत. पुढे सुमारे पन्नास मैल बैलगाडीचा रस्ता. तिला कोणा मोठ्या मिशनचे ठरलेले वेतन नव्हते. डॉक्टर चार्ल्स कलिस ह्यांच्या विश्वासकार्यातून ती आली होती. ह्या डॉक्टरांनी सन १८६४ त बोस्टन येथे क्षयरोग्यांसाठी घर उघडले. ज्यांस कोठेच थारा नव्हता असे रोगी तेथे घेतले जात, आणि खर्चासाठी देवाजवळ प्रार्थना केली जाई. त्यांच्यापुढे कित्ता होता तो इंग्लंडातील ब्रिस्टल येथील जॉर्ज म्युलर ह्यांचा, ज्यांनी हजारो अनाथ मुले सांभाळली आणि कोणा माणसापाशी पैशाची याचना केली नाही.

म्युलर साहेबांचे नाव आपल्या व्याख्यानांत वारंवार येते. त्यांनी मागितले नाही, हे आपण आवडीने सांगतो. पण त्या चरित्राची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. ज्यांनी कोणाजवळ मागितले नाही त्या म्युलरांनी स्वतः दुसऱ्यांच्या मागण्याची वाट पाहिली नाही. चीन देशात हडसन टेलर ह्यांच्याबरोबर काम करणाऱ्या मिशनऱ्यांना ते आपल्याकडे आलेल्या पैशांतून नेमाने रक्कम पाठवीत. स्वतःपुरता विश्वास आणि दुसऱ्यासाठी थैली, अशी त्यांची वाटणी होती. आपण ती नेमकी उलटी केली आहे : दुसऱ्यासाठी विश्वास आणि स्वतःपुरती थैली. आणखी एक गोष्ट. म्युलर दरवर्षी जमाखर्चाचे निवेदन छापून प्रसिद्ध करीत. विश्वासाने चालणाऱ्या कामाला हिशेबाची गरज नाही, असे त्यांना कधी वाटले नाही. ह्याविषयी पुढे बोलू.

बासीमचे ते काम पुढे मेथॉडिस्ट मिशनच्या हाती गेले. मग छप्पन्नाचा दुष्काळ आला, सन १८९९-१९०० चा, ज्याची आठवण वऱ्हाडातील म्हाताऱ्या माणसांनी आपल्या नातवंडांपर्यंत पोहोचविली. त्या वर्षांत मिशनच्या आवारांतून किती पोरकी मुले वाढली! आपल्यापैकी कित्येकांच्या घराण्याची कथा तेथूनच सुरू होते. मग सन १९३० नंतरच्या दशकात वाशीमचे ठाणे नाझरीन मंडळीकडे आले. सन १९३६ त डॉक्टर ऑर्फा स्पायकर ह्या बाई हिंदुस्थानात आल्या, आणि सन १९३८ त त्यांनी मेथॉडिस्टांच्या वेळच्या जुन्या शाळेच्या इमारतीत दवाखाना उघडला. तेच पुढे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल झाले. वाशीम, मंगरूळपीर, रिसोड, मालेगाव ह्या भागांतील किती आयाबायांची बाळंतपणे तेथे सुखरूप झाली हे मी सांगावयास नको.

त्या भिंती कोणाच्या पैशाने उभ्या राहिल्या, हा प्रश्न आपण कधी विचारीत नाही. अमेरिका म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे धनाढ्य सावकार उभा राहतो. जणू तिकडे झाडास डॉलर लागतात! वस्तुस्थिती तशी नाही. नाझरीन मंडळीत सन १९४९ पासून एक रीत चालत आली आहे. बेथानी येथे ज्या स्त्रीने अलाबास्त्र कुपी फोडून प्रभूच्या मस्तकावर मोलवान तेल ओतले, तिची आठवण म्हणून घरोघरी एक लहानशी पेटी ठेवतात. एखादी वस्तू घ्यावीशी वाटली आणि ती न घेता राहता आले, तर तिचे पैसे त्या पेटीत पडतात. वर्षातून ठराविक वेळी त्या पेट्या देवालयात आणून रित्या केल्या जातात, आणि त्या पैशांतून निरनिराळ्या देशांत मिशनसाठी जमिनी घेतल्या जातात, देवालये, शाळा व दवाखाने बांधले जातात. म्हणजे जे आपण परदेशचे वैभव समजतो, त्यात कितीतरी बायकांनी न घेतलेल्या वस्तू आहेत. मंदिराच्या भांडारात दोन टोल्या टाकणारी विधवा यरुशलेमेतच राहिली नाही; तिची वस्ती पुष्कळ देशांत आहे. ती आपल्या गल्लीत आहे काय, एवढाच प्रश्न.

आता पौल प्रेषिताकडे वळू. फिलिप्पैकरांस पत्राच्या शेवटी एक अभिवचन आहे, जे आपण भिंतीवर टांगतो, पत्रिकांवर छापतो, आणि उपाशी उपदेशकास ऐकवितो : माझा देव सर्व गरज पुरवील, अशा अर्थाचे. पण हे कोणी कोणास सांगितले? पौल तुरुंगात होता. हे अभिवचन फिलिप्पै येथील मंडळीने तुरुंगातल्या पौलास लिहून पाठविले असते, तर ते आमच्या पंचांच्या ठरावासारखे झाले असते. तसे झाले नाही. त्या मंडळीने प्रथम एपफ्रदीताच्या हाती देणगी पाठविली. तो बिचारा त्या कामात आजारी पडून मरणाच्या दारापर्यंत गेला. त्याआधी पौल थेस्सलनीकात असताना त्यांनी एकदा सोडून दोनदा त्याची गरज भागविली होती, आणि सुरुवातीच्या काळात दुसरी एकही मंडळी देण्याघेण्याच्या व्यवहारात त्याची भागीदार झाली नव्हती. हे सर्व लिहून झाल्यावर, देऊन रिकामे झालेल्या त्या लोकांना पौल म्हणतो की, देव तुमची गरज पुरवील. अभिवचन देणाऱ्यांसाठी आहे. ज्यांनी आपली कणगी हलकी केली त्यांच्यासाठी आहे. कणगी झाकून ठेवणाऱ्याने ते दुसऱ्याच्या दारी नेऊन टांगणे म्हणजे परक्याच्या नावाची हुंडी वटविणे होय.

आणि ते लोक श्रीमंत होते असे समजू नका. लुदियेचा जांभळ्या वस्त्रांचा व्यापार होता खरा. पण मासेदोनियातील मंडळ्या कमालीच्या दारिद्र्यात होत्या व तशातच त्यांनी हात सैल सोडला, असे पौल करिंथकरांस लिहितो. करिंथ तर भरभराटीचे शहर. तेथे पौलाने राहुट्या शिवल्या, मासेदोनियातून आलेल्या बंधूंकडून घेतले, पण करिंथकरांवर भार घातला नाही. पुढे तो त्यांना काहीशा बोचऱ्या शब्दांत लिहितो की, तुम्हांस इतर मंडळ्यांपेक्षा कोठे कमी पडले असेल तर एवढेच की मी तुम्हांवर भार घातला नाही. ह्या अपराधाची मला क्षमा करा! हे वाक्य मी पुष्कळ वर्षे थट्टा समजून वाचीत होतो. आता वाटते, त्यात दुःख आहे. ज्या मंडळीने आपल्या उपदेशकासाठी कधी काही सोसले नाही, तिच्या हातून एक मोठी गोष्ट निसटली आहे.

आपल्या महाराष्ट्रात अशी माणसे झाली की ज्यांनी स्वतः होऊन वेतन सोडले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी सन १९१७ त मिशनचे वेतन सोडून दिले. त्यांची भक्ती आपण गातो. पण ज्यांनी लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचली आहेत त्यांस ठाऊक आहे की, टिळकांच्या उदारपणाचा हिशेब पुष्कळदा चुलीपाशी चुकता करावा लागे, आणि तो लक्ष्मीबाई करीत. प्रत्येक विश्वासू उपदेशकामागे डब्यातले पीठ मोजणारी एक स्त्री असते. तिला कोणी विचारले आहे काय की, बाई, तू विश्वासाने राहण्यास तयार आहेस का? पंडिता रमाबाईंचेही तसेच. शारदा सदनासाठी अमेरिकेतील मित्रांनी दहा वर्षे मदतीचे वचन दिले होते. ती मुदत सन १८९८ च्या सुमारास संपली, तेव्हा दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली केडगावी त्यांच्या पदरी होत्या. बाईंनी प्रार्थना केली; आणि विहिरी खणविल्या, शेती केली, माग चालविले, छापखाना काढला. त्यांच्या विश्वासाच्या हाताला माती लागलेली होती.

याच विचाराने सन १९०५ त नाताळच्या दिवशी श्रीरामपूर येथे, बंगाल्यात, जेथे विल्यम केरी साहेबांनी काम केले तेथे, हिंदी ख्रिस्ती लोकांनी राष्ट्रीय मिशनरी संस्था स्थापिली. माणसे या देशाची, पैसा या देशाचा आणि कारभारही या देशाचा, असा तिचा निश्चय होता. त्याला शंभरावर वर्षे होऊन गेली. पण आपल्या खेड्यांत अजूनही "वरून काही येईल काय?" असे विचारले जाते, आणि त्यातील 'वर' म्हणजे स्वर्ग नसतो. परदेशी देणग्यांविषयीचा कायदा सन १९७६ त झाला, सन २०१० त नवा आला, सन २०२० त तो आणखी कडक झाला. कायद्याविषयी कुरकूर करण्यास हे स्थळ नव्हे. मला एवढेच वाटते की, ती वाट अरुंद झाल्यावर आपल्या पायाखाली स्वतःची वाट नाही हे आपल्याला दिसले.

यावर कोणी म्हणेल, "महाराज, आम्ही मजूर माणसे. सोयाबीनला भाव नाही, तुरीवर अळी, कर्ज डोक्यावर. आम्ही काय द्यावे?" हे म्हणणे मी हलके समजत नाही. ज्या विदर्भात कर्जापायी शेतकऱ्यांनी जीव दिले तेथे उभे राहून दशमांशाचा चाबूक उगारणे मला जमणार नाही. ज्याच्या घरी आज चूल पेटली नाही त्याने मंडळीस देण्यापूर्वी मंडळीने त्याच्या घरी जावे. आणि "देवाला शंभर द्या, तो हजार देईल" असे व्यासपीठावरून सांगत फिरणाऱ्यांपासून सावध राहा. ते सारफथच्या विधवेची गोष्ट फार रंगवून सांगतात, पण एलीयाने तिच्याकडून भाकर घेतल्यावर ती, तिचा मुलगा व तिचे घर पुष्कळ दिवस त्याच मडक्यातून जेवले, हा भाग गाळतात. त्या मडक्यातले पीठ सरले नाही. पण ते ओसंडून वाहिले असेही लिहिलेले नाही. गरज पुरविण्याचे वचन आहे, चैन पुरविण्याचे नाही.

तरी एक हिशेब करून पाहा. मिझो डोंगरांतील मंडळ्यांत सन १९१० च्या सुमारास एक रीत सुरू झाली : बाई भात शिजविण्यास तांदूळ काढते तेव्हा त्यातील एक मूठ प्रभूसाठी बाजूस ठेवते. तो तांदूळ मंडळी गोळा करून विकते. ते लोकही गरीब होते, आणि ज्यांस त्यांची शेती ठाऊक आहे ते जाणतात की डोंगरउतारावरचे धान्य किती बेभरवशाचे. आज त्या मुठीतून वर्षाकाठी कोट्यवधी रुपये उभे राहतात व त्यांचे सुवार्तिक इतर प्रांतांत काम करितात. आपण ज्वारीची मूठ धरू. एका मुठीत पाच तोळ्यांच्या आसपास, म्हणजे सुमारे पन्नास ग्रॅम धान्य मावते. सकाळची एक, संध्याकाळची एक; महिन्याचे तीन किलो. वीस घरांची मंडळी असेल तर साठ किलो. वेतन नव्हे, हे मान्य. पण ज्या घरी साठ किलो धान्य दरमहा पोहोचते तेथील बाई सूप घेऊन शेजारी जाणार नाही.

उपदेशक बंधूंनो, तुमच्याशीही दोन शब्द. शेतात काम करून किंवा शिलाई करून पोट भरण्यात तुम्हांस कमीपणा नाही. पौलाचे हात राठ होते. पण आपली गरज मंडळीपासून लपवून ठेवणे आणि तीच गरज परगावच्या अनोळखी दात्यांस, गावच्या उघड्या पोरांच्या छायाचित्रांसह कळविणे, ह्यात मात्र कमीपणा आहे. आणि पंचहो, वही. लोक देत नाहीत ह्याचे अर्धे कारण दारिद्र्य असेल. अर्धे हे की दिलेल्याचे काय झाले ते कोणी सांगत नाही. पौलाने यरुशलेमेतील गरिबांसाठी वर्गणी जमविली तेव्हा ती एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेली माणसे बरोबर घेतली, जेणेकरून कोणी बोट ठेवू नये. प्रेषिताला ज्याची गरज वाटली ती आम्हांस वाटत नाही! महिन्यातून एकदा, उपासना संपल्यावर, सर्वांदेखत जमाखर्च वाचावा. ज्याला वाचता येत नाही त्यालाही समजेल असा वाचावा.

आमच्या मंडळीत काय झाले ते सांगून थांबतो. आश्विनात पंचांची पुन्हा बैठक झाली, आणि मी गायसाचे पत्र वाचून दाखविले. ज्वारी कोणी दिली हेही सांगितले. फार बोलणे झाले नाही. पुढच्या रविवारी देवालयात वेदीजवळ एक मडके ठेवण्यात आले, व घरोघरच्या आठवड्याच्या मुठी त्यात पडू लागल्या. तेव्हा उपदेशकांची पत्नीही पदरात धान्य घेऊन पुढे आली. खजिनदार गडबडले. "बाई, हे तर तुमच्यासाठीच आहे," असे ते हळूच म्हणाले. ती म्हणाली, "आमचं घरबी याच मंडळीतलं हाय, भाऊ." तिने मूठ सोडली, आणि परत वळण्याआधी एवढेच विचारले की, ह्यातील पहिली पायली शेजारणीस देता येईल काय. ते वडीलधारे गृहस्थ पुढच्या बाकावरून उठले, त्यांनी पायली भरून घेतली, आणि ते स्वतः ती घेऊन गेले.